घेवड्याची साक्ष

रविवारी सगळ्यांनी जेवायला यायचं असं ठरलं होतं, आणि न येण्याची सगळ्यांची कारणंही तयार होती. पण घेवड्याचा निकाल लागणार होता, त्यामुळे कुणीच गैरहजर राहणार नव्हतं.

धाकटी सून सगळ्यांच्या आधी पोचली. ती कवळ्या बनवायची. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू तिच्या कारखान्यातून गेलं होतं, म्हणून सासरी तिचं नाव 'दातवाली' पडलं होतं. सासऱ्यांची कवळीही तिनंच केलेली. ती बसवल्यावर ते आरशात बघून म्हणाले होते, "आता मला फुकट हसावं लागणार."

आत शिरताच ती तडक काचेच्या व्हरांड्यात गेली. उन्हाच्या खिडकीत चार कुंड्या होत्या. तीन कुंड्यांतला घेवडा तरतरीत, रुंद पानांचा, काठीला वेटोळे घालत चढलेला. चौथीतला बघायला ती खाली वाकली.

हे रूप तिच्या ओळखीचं होतं. पानं वाटीसारखी आत वळलेली, शिरा एकमेकींना चिकटलेल्या, शेंडा म्हाताऱ्याच्या बोटासारखा वाकडा. यंदा तिच्या नवऱ्याच्या शेतातला सगळा टोमॅटो असाच पिळवटून गेला होता. रोपं मरत नव्हती, तीच तर खरी चीड होती. उभी राहायची, वाढल्यासारखं करायची आणि वाढायची नाहीत. सॉसच्या कारखान्याला द्यायच्या मालातलं एक टोपलंही धड निघालं नव्हतं.

मग भाऊबंदकी पेटली. दोन शेतांमध्ये एक तारेचं कुंपण. पलीकडे थोरला गहू लावायचा आणि रुंद पानांचं तण मारायला औषध फवारायचा. धाकटा म्हणाला, "तुझं औषध वाऱ्यानं माझ्याकडे आलं." थोरला म्हणाला, "वारा नसताना मी फवारलं. तुझ्या रोपांनाच रोग आहे, बाजारातली रोपं आणलीस ना?" तिथून शब्दानं शब्द वाढला आणि मग एकदम शब्दच संपले. वसंत ऋतूपासून दोघं भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच आईबापाच्या टेबलावर बसून "त्याला म्हणावं मीठ पुढे कर" असं बायकांमार्फत चालायचं.

कुंड्यांची कल्पना दातवालीची. कवळी टोचते तेव्हा कुठं टोचते ते माणूस सांगतो एक आणि असतं भलतीकडेच, हे तिला रोजच्या कामातून ठाऊक होतं. म्हणून तिथं कवळीला आतून रंग लावायचा आणि तोंडात बसवायची. जिथला रंग पुसला तिथं टोचतं. वाद मिटला. तसंच इथं करू, ती म्हणाली होती. एकाच पाकिटातला घेवडा, एकाच आकाराच्या कुंड्या. एकीत कुंपणालगतची माती, अगदी तारेखालची, जिथं खत पडलेलं नव्हतं. दुसरीत रोपांच्या ट्रेमधली. तिसरीत स्वच्छ माती, पण पाणी फक्त शेतातल्या विहिरीचं. आणि चौथीत स्वच्छ मातीत थोडं खत कालवलेलं. खताची कुंडी तिनं आपली पूर्णत्वासाठी ठेवली होती. खतावर कोण संशय घेणार? ते तर खुद्द सासऱ्यांनी दिलेलं. प्रत्येक कुंडीच्या बुडाला तिनं प्लॅस्टरचा एक तुकडा चिकटवला होता, वेगवेगळ्या टिंबांचा. कुठलं टिंब कशाचं, ते निकालाच्या दिवशी उघडायच्या, सासऱ्यांकडे ठेवलेल्या बंद चिठ्ठीत होतं; तोवर तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पाणी घालणाऱ्या सासूबाईंनाही नाही. त्या फक्त 'ही बाटली त्या टोकाच्या कुंडीला' एवढंच जाणत होत्या.

तिनं वाकडी कुंडी उचलून बूड पाहिलं. आणि ती तशीच धरून उभी राहिली.

खत.

सासऱ्यांना पंचक्रोशीत 'घ्याघ्या' म्हणत. दारात आलेल्या माणसाला रिकाम्या हातानं जाऊ द्यायचं नाही हा त्यांचा नेम. भोपळा घ्या, छत्री घ्या, काही नाही तर निदान सल्ला घ्या. मुलांना शेत वाटून दिल्यावर धाकट्याच्या वाट्याची जमीन जरा हलकी आहे हे त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं. म्हणून त्यांनी हिवाळाभर स्वतः हातगाडी ढकलत त्याच्या शेतात जावयाच्या घोड्यांच्या लिदीचं खत नेऊन टाकलं होतं. या वयात. पाठ धरली तरी थांबले नाहीत.

तिचा हात आपोआप शेजारच्या कुंडीकडे गेला. दोन तुकडे काढायचे, अदलाबदल करायची. किती वेळ लागतो?

"काय करतेस गं?"

सासूबाई दारात उभ्या होत्या, ओल्या हातात बटाटा.

"काही नाही, आई."

"काही नाही करणारी माणसं इतकी लाल होत नाहीत. कुठली निघाली?"

खोटं बोलायला तिनं तोंड उघडलं आणि खरंच बाहेर पडलं. "खत."

सासूबाई वेताच्या खुर्चीत बसल्या. बटाटा मांडीवर ठेवला. वाकड्या घेवड्याचं एक पान बोटानं उलटून पाहिलं.

"रोज बघत होते," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, थोरल्याचं औषध असणार. दोन दिवस त्याच्यावर मनातल्या मनात चिडून घेतलं. आणि निघाले हे!"

"बाबांना सांगायचं कसं?"

"सांगायचंच नाही." सासूबाई उठल्या. "विहीर म्हण."

"आई!"

"अगं, विहिरीला काय वाईट वाटणार आहे? ती थोडीच जेवायला येतेय? विहीर म्हण, दोन्ही भाऊ सुटले. पाणी तपासायला दे, तपासणारा म्हणेल चांगलं आहे, म्हणजे तेही सुटलं. तोवर राग निवेल सगळ्यांचा."

दातवालीला हसूही आलं आणि रडूही. पण सासूबाईंच्या हिशेबात खोट काढायला काही सापडेना. तिनं तुकडे बदलले.

*

एकेक करत मंडळी आली. थोरला आणि त्याची बायको मागच्या दारानं, धाकटा पुढच्या. नणंद आणि तिचा नवरा घोड्यांच्या वासासकट. जावयाची घोडेस्वारीची शाळा होती, आणि तो कितीही अंघोळ करून आला तरी त्याच्याबरोबर एक अदृश्य घोडा आत यायचा. सूप वाढलं गेलं, पाव फिरला.

"त्याला सांग," थोरला बायकोला म्हणाला, "निकाल काही लागो, मी आधीच सांगतोय, मी वारा बघून फवारतो."

"त्याला सांग," धाकटा दातवालीला म्हणाला, "मी ऐकलंय ते. सतराशे साठ वेळा ऐकलंय."

"तुम्हा दोघांची जीभ भाड्यानं घेतलीय का आम्ही?" मोठी जाऊ म्हणाली आणि पाव तोडला. मोठी जाऊ शिवणकामाचं दुकान चालवायची. कात्री हातात नसली तरी बोलणं तसंच असायचं. गेले काही महिने ती आणि दातवालीही जेवढ्यास तेवढं बोलत होत्या. नवऱ्याच्या भांडणात बायकांनी कुठल्या बाजूला उभं राहायचं असतं हे कुणी न सांगता ठरलेलं होतं.

"निकाल आत्ता लावू की भाजलेले बटाटे झाल्यावर?" जावयानं विचारलं.

"आधी बटाटे," सासूबाई घाईघाईनं म्हणाल्या. "पोट भरलेलं असलं की माणूस कमी ओरडतो."

सासरे मात्र आनंदात होते. मुलं एका छताखाली आली, एवढ्यावरच त्यांचं भागलं होतं. नवी कवळी दाखवत ते हसत होते, सगळ्यांना वाढत होते, स्वतःच्या ताटातलंही उचलून नणंदेच्या ताटात टाकत होते.

"अगं, एक सांगायचंच राहिलं," ते म्हणाले. "खत उरलंय ना, मोठा ढीग आहे अजून. घड्याळजीला देऊन टाकतोय उद्या. बिचारा एकटा माणूस, अंगणभर बटाटे लावतोय. सांगून आलो त्याला. इतका खूश झाला की हातातलं घड्याळ खाली पाडलं त्यानं."

दातवालीचा घास तोंडातच राहिला. तिनं सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि मग पाण्याच्या जगकडे, जणू त्यात काही उत्तर तरंगत असावं.

समोरचा घड्याळजी. बायको गेल्यापासून दुकान आणि ते अंगण, दोनच गोष्टी उरल्या होत्या त्याच्याकडे.

"आणि उरलेलं ताईच्या बागेत," सासरे म्हणत होते. "वाया कशाला घालवायचं?"

सासूबाईंनी डोळे मिटून मान हलवली. 'बोल' असा त्याचा अर्थ होता.

"बाबा," दातवाली म्हणाली, "ते खत कुणाला देऊ नका."

"का गं?"

आता सगळे तिच्याकडे बघत होते. ती उठली, व्हरांड्यात गेली आणि वाकडी कुंडी आणून टेबलाच्या मधोमध, पावाच्या टोपलीशेजारी ठेवली.

"ही खताची कुंडी आहे. सकाळी मी बुडाचे तुकडे बदलले. तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून. विहीर म्हणणार होते."

"मी सांगितलं होतं तिला," सासूबाई लगेच म्हणाल्या. "तिला काही बोलायचं नाही कुणी."

सासऱ्यांनी चष्मा चढवला. वाकड्या शेंड्याला अलगद बोट लावलं. मग दातवालीनं त्यांचा चेहरा बघायचं टाळलं, कारण इतके दिवस तिनं त्या तोंडाची मापं घेतली होती आणि ते तोंड असं मिटलेलं तिनं कधी बघितलं नव्हतं.

"म्हणजे मी," सासरे म्हणाले. "मीच गाडी भरभरून नेलं."

"बाबा, तुम्हाला काय माहीत," धाकटा म्हणाला.

"तेच तर. माहीत नसताना देत सुटलो."

"पण लिदीत असं असेल तरी काय?" धाकट्यानं आवाज चढवला. वडिलांवर चिडता येत नसलं की माणूस दुसरं कुणीतरी शोधतो, आणि जावई समोरच बसला होता. "भाऊजी, घोड्यांना खायला काय घालता तुम्ही?"

"माझ्या घोड्यांना?" जावयाचे गाल फुगले. "माझे घोडे तुझ्यापेक्षा चांगलं खातात! एकदम स्वच्छ वाळलेलं गवत. त्यात एक काटेरी झुडूप सापडणार नाही की पिवळ्या फुलाचं एक रोप नाही. नुसतं गवत!"

"काटेरी काहीच नाही?" मोठ्या जावेनं विचारलं. तिचा आवाज एकाएकी हळू झाला होता.

"एकही नाही. म्हणून तर मी तेच घेतो."

"कुणाकडून?"

जावयानं तोंड उघडलं, आणि उत्तर देण्याऐवजी त्याची नजर टेबलाच्या दुसऱ्या टोकाला गेली. मग नणंदेची गेली. मग सगळ्यांची.

थोरल्यानं चमचा खाली ठेवला.

"माझ्याकडून," तो म्हणाला.



"ओढ्याकाठचा गवताचा तुकडा," थोरला कुंडीशी बोलल्यासारखं बोलत होता. "काटे फार झाले होते. फवारलं. डब्यावर लिहिलं होतं, गवताला काही होत नाही, जनावराला चालतं. खरंच चालतं. घोड्याला काय झालंय? तिथवर वाचलं आणि डबा ठेवून दिला."

"घोडा ठणठणीत आहे," जावई पुटपुटला.

"घोड्याच्या पोटातून ते तसंच बाहेर येतं मग," दातवाली म्हणाली. "लिदीत. आणि लिदीतून मातीत."

"माझ्या गवतातून घोड्यात," थोरला बोटांवर मोजत म्हणाला, "घोड्यातून बाबांच्या गाडीत, गाडीतून तुझ्या टोमॅटोत." 'तुझ्या' म्हणताना त्यानं पहिल्यांदाच भावाकडे पाहिलं. बायकोमार्फत नाही, सरळ.

"म्हणजे औषध तुझंच होतं," धाकटा म्हणाला.

"पण वाऱ्यानं आलं नव्हतं!"

"पण तुझंच होतं!"

"पण वाऱ्यानं नाही! मी सांगत होतो की नाही, मी वारा बघून—"

"अरे, घोड्यावर बसून आलं की, दादा!"

पहिल्यांदा सासूबाईंना हसू फुटलं. तोंडाला पदर लावायला गेल्या आणि तोंडात बटाटा होता म्हणून ठसका लागला. मोठी जाऊ त्यांच्या पाठीवर थोपटता थोपटता स्वतःच हसायला लागली. नणंदेनं नवऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. दोघं भाऊ एकमेकांकडे बघत होते; आपण भांडतोय की हसतोय ते त्यांनाही नक्की ठरवता येत नव्हतं. थोरल्याचे ओठ आधी हलले.

"महिनोन् महिने," तो म्हणाला, "मी तुला सरळ मीठ मागितलं नाही."

"मीही दिलं नसतं."

"तुझं नुकसान झालं रे. खरंच झालं. ते मला कळतंय."

"झालं," धाकटा म्हणाला. मग त्यानं मिठाचं भांडं उचलून भावापुढे ठेवलं. "घे. सूप आळणी आहे."

"आळणी?" सासूबाई म्हणाल्या, पण रागावल्या नाहीत.

फक्त सासरे हसत नव्हते. ते उठले, टोपी शोधू लागले.

"बाबा, कुठं निघालात?"

"घड्याळजीकडे. त्याला सांगायला हवं. उद्यापर्यंत कशाला थांबायचं? तो पहाटेच गाडी घेऊन येईल." टोपी डोक्यावर आणि चेहरा असा की जणू कुणाच्या मयताला निघालेत. "आयुष्यात कुणाला नाही म्हटलं नाही मी. कसं म्हणतात ते तरी सांगा कुणीतरी."

"थांबा, मी येतो," थोरला म्हणाला. "गवत माझं होतं."

"मग मीही येतो," धाकटा म्हणाला. "टोमॅटो माझे होते. त्याला दाखवायला हवं ना काय होतं ते." त्यानं कुंडी उचलली.

जावई पावाचा शेवटचा तुकडा तोंडात कोंबून उठला. "आता मी इथं बायकांत बसून काय करू? घोडे माझेच होते."

*

स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. रस्ता ओलांडताना चौघं जण एका रांगेत होते, सासरे पुढे, त्यांच्यामागे कुंडी छातीशी धरलेला धाकटा, मग थोरला, शेवटी जावई. घड्याळजीनं दार उघडलं आणि ते चार पडलेले चेहरे बघून आधी स्वतःच्या छातीवर हात ठेवला.

"त्याला वाटलं असणार कुणीतरी गेलं," नणंद म्हणाली.

"गेलंच आहे ना," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांचा दानशूरपणा."

दातवाली भांडी विसळत होती. मोठी जाऊ फडकं घेऊन शेजारी आली. तिनं एक बशी पुसायला उचलली.

"ते तुकडे तू बदललेस," मोठी जाऊ म्हणाली, "तेव्हा तुला माहीत होतं, आमच्यावरचा आळ जातोय ते. कुंपणाचं नाव घेतलं असतंस तर तुमचाच मुद्दा खरा ठरला असता."

"ते सुचलंच नाही मला, वहिनी."

"तेच म्हणतेय मी. मला सुचलं असतं." तिनं बशी लख्ख पुसली, उजेडात धरून पाहिली आणि पुन्हा पुसली. "त्या मातीत आता काय येईल?"

"मका येईल. गहू येईल. गवताच्या जातीचं काहीही. टोमॅटो, घेवडा, बटाटे नाहीत इतक्यात. माती उलटीपालटी करत राहायचं, म्हणजे हळूहळू जाईल म्हणतात. पुढचं वर्ष तरी गेलंच."

"आमचा वरचा तुकडा रिकामा होतोय. तिथं कधी काही मारलेलं नाही, खतही पडलेलं नाही. टोमॅटो तिथं लावा. तुमच्यात आम्ही मका घेऊ."

दातवालीचे हात पाण्यात थांबले. "दादांना विचारलंत?"

"ते मला विचारतील," मोठी जाऊ म्हणाली. "दोन दिवसांनी, आपल्याच डोक्यातून निघालं म्हणून. मी आढेवेढे घेईन. तू तोवर रोपांचं बघ. आणि या वेळी रोपं आणायला मला बरोबर ने, तुला बाजारात कुणीही टोपी घालतं."

"त्या रोपांना काही झालेलं नव्हतं, वहिनी! ट्रेमधल्या मातीतला घेवडा बघा जाऊन, किती सुंदर आलाय."

"बरं बाई, सुंदर. तरी मी येणार."

"आणि तो ढीग?" नणंदेनं विचारलं. "माझ्या बागेत नको हं."

"ज्यांच्या गवताचा त्यांच्या गवतात," सासूबाईंनी निकाल दिला. "ओढ्याकाठच्या तुकड्यात पसरून टाका. आणि ते गवत पुन्हा घोड्याला घालायचं नाही. नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा कुंड्या मांडायला लागतील, आणि माझी पाणी घालायची तयारी नाही."

खिडकीबाहेर घड्याळजी कुंडी हातात घेऊन डोळ्यापाशी धरून बघत होता, एखादं बंद पडलेलं घड्याळ बघावं तसं. सासरे बोलत होते, हातवारे करत होते. थोरला मध्येच काहीतरी सांगू लागला, धाकट्यानं त्याला थांबवून वेगळंच सांगितलं, जावयानं हातानं घोड्याचं पोट दाखवलं. मग घड्याळजी मागे भिंतीला टेकला. त्याचे खांदे हलू लागले.

"रडतोय का गं तो?" सासूबाई घाबरून पुढे आल्या.

"नाही, आई," दातवाली म्हणाली. "हसतोय."

कितीतरी दिवसांत त्याला कुणी तसं हसताना पाहिलं नव्हतं. सासरे आधी गोंधळले, मग त्यांनाही राहवेना. त्यांनी टोपी काढली, घड्याळजीच्या दंडाला धरलं आणि त्याला रस्त्यावर ओढलं. तो मागे मागे होत होता, कपड्यांकडे बोट दाखवत होता, पण घ्याघ्याच्या हातून सुटणं सोपं नव्हतं.

सासूबाईंनी न बोलता कपाट उघडलं आणि आणखी एक ताट काढलं.

"'नाही' म्हणायला गेले होते ना?" मोठी जाऊ म्हणाली.

"म्हणाले असतील की," सासूबाई म्हणाल्या. "पण जमलेलं दिसत नाही. बटाटे पुन्हा गरम कर गं."